सी ड्राइव्ह लाल झाली की काय टाकायचं, काय नाही

वाशीला सेक्टर १७ मध्ये किंवा ठाण्याला स्टेशनजवळ, कुठेही लॅपटॉप 'फॉरमॅट मारायला' दिला की परत येताना त्याच्यासोबत वीसेक नवे आयकॉन येतात. एक व्हिडिओ प्लेअर, एक झिप उघडणारं, दोन पीडीएफवाली, एक 'क्लीनर', एक 'बूस्टर', एक 'ड्रायव्हर अपडेटर', आणि फुकटची मुदत संपली की रोज खालच्या कोपऱ्यातून डोकं वर काढणारा अँटिव्हायरस. "सगळं टाकून दिलंय काका," असं ऐकलं की काकांनाही बरं वाटतं. पैसे दिले त्याचं काहीतरी स्क्रीनवर दिसतंय.

माझ्या मते त्यातलं निम्मं काढून टाकलं तर लॅपटॉप जास्त बरा चालेल. उरलेल्या निम्म्यातही दोन-तीन कामाची नावं हमखास राहून गेलेली असतात.

युटिलिटी म्हणजे एखादंच काम करणारं छोटं सॉफ्टवेअर. टाकावं की नाही, हे ठरवायला मी एकच गोष्ट बघतो: ते मला काही दाखवतंय की घाबरवतंय? जागा कुठे गेली, डिस्कची तब्येत कशी आहे, चालू होताना कोण वेळ खातंय, हे दाखवून पुढचं आपल्यावर सोडणारी सॉफ्टवेअरं कामाची. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १,३४७ एरर सापडले" असं लाल अक्षरांत सांगून खाली मोठं हिरवं बटण ठेवणारी बिनकामाची, आणि कधीकधी चक्क धोक्याची.

जागा कुठे गेली

सगळ्यात जास्त तक्रार हीच. नेरूळला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सोसायटीचं बरंचसं काम घरच्या लॅपटॉपवर करतात. २५६ जीबीची एसएसडी (फिरणारी चकती नसलेली नव्या पद्धतीची डिस्क), आणि सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. (विंडोज ती २३८ जीबीच दाखवतं. मधले १८ जीबी कोणी खाल्लेले नसतात. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज धरतं १०७ कोटींहून थोडे जास्त, त्यामुळे आकडा कमी दिसतो.) त्यांचा संशय अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरवर होता. 'विझट्री' चालवलं आणि काही सेकंदांत उत्तर आलं. अकाउंट्सचा सगळा डेटा एक जीबीसुद्धा नव्हता. डेस्कटॉपवर मात्र 'गेट २ बाइक' नावाचा फोल्डर होता. मागे बाइक चोरीला गेली तेव्हा डीव्हीआरमधून उतरवून घेतलेलं सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्यात होतं, आणि शेजारीच 'गेट २ बाइक - कॉपी'. दोन्ही मिळून ९० जीबीच्या घरात. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक गोष्ट सी ड्राइव्हमध्येच जाते, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

विझट्री इतकं झटपट का चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे. विंडोजची डिस्क एनटीएफएस नावाच्या पद्धतीने मांडलेली असते. तिच्यात 'मास्टर फाइल टेबल' नावाचा एक तक्ता असतो. प्रत्येक फाइलची त्यात साधारण एक केबीची नोंद असते: नाव, आकार, तारखा, आणि डिस्कवर ती नेमकी कुठे पडली आहे. साधी पद्धत म्हणजे एकेक फोल्डर उघडून आत काय आहे ते मोजत बसायचं. कोण कुठल्या फ्लॅटमध्ये राहतं हे कळावं म्हणून पहिल्या मजल्यापासून सगळ्यांच्या बेल वाजवत सुटावं, तसला प्रकार. विझट्री सरळ ऑफिसातली सभासदांची नोंदवही उघडतं. लाखो फाइली असल्या तरी तक्ता एकदा वाचला की काम झालं.

हा तक्ता सरळ वाचायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. म्हणून विझट्री उघडताना विंडोज "यांना बदल करू द्यायचे का?" असं विचारतं. इथे त्या प्रश्नाला कारण आहे. एखादं वॉलपेपर बदलणारं सॉफ्टवेअर तोच प्रश्न विचारायला लागलं, तर मात्र सावध व्हायचं.

विझट्री घरगुती वापराला फुकट आहे, ऑफिसात वापरायचं तर परवाना घ्यावा लागतो. ज्यांना ती भानगड नको त्यांनी 'विनडरस्टॅट' घ्यावं. ते २००३ पासून आहे, मुक्त स्रोताचं आहे, आणि रंगीत चौकोनांचा नकाशा काढून दाखवतं. सगळ्यात मोठा चौकोन दिसला की त्यावर क्लिक करायचं, आरोपी समोर.

जागा दिसली म्हणून काहीही उडवायचं नाही. आपले व्हिडिओ, डाउनलोड्समधले जुने इन्स्टॉलर, मोबाइलचे जुने बॅकअप हे आपलं आहे, त्याचं आपण ठरवावं. 'विंडोज' नावाच्या फोल्डरच्या आत हात घालायचा नाही, मग तिथला चौकोन कितीही मोठा दिसो. तिथल्या काही फाइली एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतात, त्यामुळे आकडा फुगलेला असतो. जुन्या अपडेट्सचा कचरा काढायला विंडोजचं स्वतःचं 'डिस्क क्लीनअप' आहे, 'स्टोरेज सेन्स' आहे. वेगळा क्लीनर लागत नाही.

त्याच मास्टर फाइल टेबलचा दुसरा उपयोग 'एव्हरीथिंग' करतं. हे शोधायचं सॉफ्टवेअर. "इंडेक्स टू कुठे ठेवलाय", "शेअर सर्टिफिकेट स्कॅन केलं होतं ना?" असल्या प्रश्नांना याच्याइतकं चपळ उत्तर दुसरं नाही. पहिलं अक्षर टाइप करताच यादी गाळली जाते, आणि फाइलचं नाव मराठीत असलं तरी सापडतं. मात्र मुळात ते फाइलची नावं शोधतं, आतला मजकूर नाही. स्कॅनचं नाव 'डॉक्युमेंट (७)' ठेवलं असेल तर एव्हरीथिंगही काय करणार? पेनड्राइव्ह बहुतेक वेळा एनटीएफएसमध्ये नसतात, त्यामुळे त्यांच्यावरच्या फाइली आपोआप यादीत येत नाहीत. पेनड्राइव्हचा फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन जोडावा लागतो.

डिस्क जाण्याआधी

पावसाळ्यात लाइट ये-जा करते, इन्व्हर्टर सगळ्यांकडे नसतो, आणि डेस्कटॉप कॉम्प्युटर दाणकन बंद पडतो. जुन्या हार्ड डिस्कना हे सोसत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद आतल्या आत ठेवत असते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. विंडोज ती नोंद सहसा समोर आणत नाही. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे जपानी सॉफ्टवेअर तेवढंच काम करतं.

उघडलं की निळी पट्टी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे आजच फाइली हलवा. पिवळी दिसली तर खालच्या यादीत दोन ओळी बघायच्या. 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' म्हणजे डिस्कने खराब झालेले म्हणून सोडून दिलेले आणि त्यांच्या जागी राखीव तुकडे वापरलेले भाग. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे वाचता येत नाहीत, पण अजून निकालात काढलेले नाहीत असे भाग. पहिला आकडा वर्षानुवर्षं तेवढाच असेल तर डिस्क काही काळ चालूनही जाते. आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीत दिसतात, म्हणजे शून्यांच्या रांगेच्या शेवटी इंग्रजी 'ए' दिसला तर तो दहा आणि 'एफ' दिसला तर पंधरा. एसएसडीला सेक्टरांपेक्षा तब्येतीची टक्केवारी बघितली तरी पुरतं.

याच्या डाउनलोडच्या पानावर मोठ्या डोळ्यांच्या जपानी कार्टूनमधल्या मुली दिसतात. आपण चुकीच्या साइटवर आलो असं समजून बरेच जण मागे फिरतात. त्या थीमच्या आवृत्त्या आहेत. आपण साधी 'स्टँडर्ड' आवृत्ती घ्यायची.

स्मार्ट सगळं सांगतं असं नाही. पट्टी निळी असतानाही डिस्क अचानक बसू शकते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच, आणि ती डिस्क कायम जोडून ठेवायची नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. प्रत काढायला 'फ्रीफाइलसिंक' बरं आहे. डावीकडे लॅपटॉप, उजवीकडे डिस्क, मधे काय काय बदललं ते आधी दाखवतं आणि मगच कॉपी करतं.

जे टाकू नये

रजिस्ट्री क्लीनर हा प्रकार विंडोज ९८ च्या काळापासून चिकटला आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आणि सॉफ्टवेअरांच्या सेटिंग्जचा साठा. सॉफ्टवेअर काढलं की त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे खरं. पण विंडोजला एखादी नोंद हवी असते तेव्हा ते थेट तिच्या पत्त्यावर जातं, सगळा साठा चाळत बसत नाही. हजारभर अनाथ नोंदी काढल्या म्हणून वेग वाढत नाही, आणि चुकून कामाची नोंद गेली तर एखादा प्रिंटर किंवा डिजिटल सहीचा टोकन चालेनासा होतो. अशा क्लीनरांना आपला पाठिंबा नाही, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलंय.

यात २०१७ ची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सीक्लीनर हे या जातीतलं सगळ्यात नावाजलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या ५.३३ आवृत्तीत हॅकरांनी आपला कोड घुसवला, तोही कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच डिजिटल सहीनिशी लोकांपर्यंत गेला. तो पोचलेल्या कॉम्प्युटरांचा कंपनीने दिलेला आकडा होता सुमारे २२ लाख ७० हजार. लोकांनी यात काहीच चुकीचं केलं नव्हतं, खऱ्या साइटवरून खरं सॉफ्टवेअर घेतलं होतं. माझा मुद्दा एवढाच की जे सॉफ्टवेअर लागतच नाही, त्याला कॉम्प्युटरभर फिरायची मुभा तरी कशाला द्यायची?

ड्रायव्हर अपडेटरही नको. ड्रायव्हर (प्रिंटर, साउंड वगैरे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) विंडोज अपडेटमधून येतात, नाहीतर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवर असतात. अँटिव्हायरस विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच आहे आणि चालू असतो. दुसरा टाकला की तो बाजूला होतो, मग त्या दुसऱ्याची वर्गणी संपली की "तुम्ही धोक्यात आहात" चालू. आणि क्रॅक केलेलं ऑफिस किंवा अ‍ॅक्टिव्हेटर टाकायला कोणी अँटिव्हायरस बंद करायला सांगितला, तर तिथूनच उठून यावं. पत्र लिहायला, तक्ते करायला लिबरऑफिस फुकट आहे.

लॅपटॉप चालू व्हायला वेळ लागत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'स्टार्टअप'मध्ये जाऊन ज्यांच्यापुढे 'हाय' लिहिलंय आणि जे रोज लागत नाही ते बंद करा. बहुतेकांचं काम इथेच होतं. ज्यांना मुळापर्यंत जायचं आहे त्यांच्यासाठी 'ऑटोरन्स' आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सचं हे सॉफ्टवेअर. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो सगळा संचच विकत घेतला आणि आजही फुकट देतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी आधी लपवायच्या, आणि संशय आला तर नुसती टिक काढायची. डिलीट करायचं नाही. टिक परत लावता येते.

पीडीएफ, फोटो आणि केबीची मर्यादा

ऑनलाइन फॉर्म भरताना सगळ्यांचा जीव इथे अडकतो: "पीडीएफ ५०० केबीच्या आत", "फोटो ५० केबीच्या आत". मग लोक गुगलवर पहिली सापडेल त्या साइटवर आधार, पॅन, भाडेकरार बिनदिक्कत चढवतात आणि बारीक करून घेतात. ते कागद पुढे कुठे राहतात, कोण जाणे. हे काम घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट बंद ठेवूनही होतं.

स्कॅन जड का होतो, ते गणिताने बघा. ए-फोर कागद ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला की २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका पानाचे कच्चे २५ एमबी. पुढे ते दाबून लहान केलं जातं, पण सुरुवात तिथून. डीपीआय १५० केला तर ठिपके निम्मे नाही, चौथाई होतात, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या झाल्या. रंगीतऐवजी ग्रे घेतला की आणखी तिसरा हिस्सा. म्हणजे एकूण बारावा भाग, आणि करारावरचा मजकूर तरीही छान वाचता येतो. म्हणून आधी भरमसाट स्कॅन करून मग चेपत बसण्यापेक्षा स्कॅन करतानाच हे दोन आकडे बदलावेत. 'नॅप्सटू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे: पानं स्कॅन करा, मागेपुढे सरकवा, एक पीडीएफ करून ठेवा. आयती आलेली पीडीएफ बारीक करायला, जोडायला, पानं वेगळी करायला 'पीडीएफ२४ क्रिएटर' घ्या. ते साइटच्या रूपातही मिळतं, पण आपण कॉम्प्युटरवर टाकायची आवृत्ती घ्यायची. नुसती वाचायला 'सुमात्रा पीडीएफ', डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं.

फोटोचंही असंच. मोबाइलचा फोटो ४,००० गुणिले ३,००० पिक्सेलचा असतो, आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोला ३०० डीपीआयने ४१३ बाय ५३१ पुरतात. आधी कापून त्या मापाचा करा, मग सेव्ह करताना क्वालिटी थोडी उतरवा, ५० केबी सहज गाठतो. हे 'इरफानव्ह्यू'मध्ये होतं. इरफान श्कील्यान यांनी ते १९९६ पासून चालवलंय, घरगुती वापराला फुकट. पन्नास फोटो एकदम लहान करायचे असतील तर मायक्रोसॉफ्टचं 'पॉवरटॉइज' बघा. ते टाकलं की फोटोवर राइट क्लिक केल्यावर आकार बदलायचा पर्याय येतो. त्याच संचात एकदम शेकडो फाइलींची नावं बदलायची सोय आहे. गणपतीचे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले दोनशे फोटो नीट नावाने लावून ठेवायला ती फार बरी पडते.

झिपसाठी सेव्हन-झिप. याला मुदत नाही, जाहिरात नाही. फाइलला पासवर्डही लावता येतो, तो पासवर्ड फक्त वेगळ्या मार्गाने कळवावा, त्याच मेलमध्ये नाही. झिप केल्यावर फोटो-व्हिडिओ लहान होत नाहीत म्हणून वैतागू नका, जेपीजी आणि एमपीफोर आधीच दाबून लहान केलेले असतात. जुनं विनरार असेल तर आवृत्ती तपासा. २०२३ मध्ये त्यातली एक मोठी फट ६.२३ मध्ये बुजवली, पण ते स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे दुकानातून आलेली जुनी प्रत तशीच बसून असते. व्हिडिओला व्हीएलसी, याहून जास्त त्याबद्दल लिहायची गरज नाही.

मराठी टायपिंग

यासाठी काहीच टाकू नका. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि कीबोर्ड म्हणून 'मराठी फोनेटिक' निवडा. इनस्क्रिप्टची सवय असेल त्यांना इनस्क्रिप्टही तिथेच मिळतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. सोसायटीची जुनी नोटीस उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसत असेल तर फाइल बिघडलेली नाही. त्या काळातल्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवले होते. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. अशी फाइल एकदा युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) बदलून घेतली की कटकट मिटली.

कुठून घ्यायचं

सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. गुगलवर वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेल्या ओळीवर क्लिक करायचं नाही, नामांकित फुकट सॉफ्टवेअरांच्या नकली साइट जाहिरातीतून वर येतात. परवानगीच्या खिडकीत बनवणाऱ्याचं नाव दिसतं, तेही वाचा. 'अननोन पब्लिशर' दिसलं म्हणजे चोरच असं नाही, छोटे प्रोग्रॅमर डिजिटल सहीचे पैसे भरत नाहीत. शंका असेल तर इन्स्टॉलर 'व्हायरसटोटल'वर तपासा, तिथे डझनावारी अँटिव्हायरस एकाच वेळी ती फाइल बघतात. पण तिथे फक्त इन्स्टॉलर चढवा, आपले कागद नाही.

उरलं दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवणारं सॉफ्टवेअर. मुलगी बंगळुरूला, आईबाबा घोडबंदर रोडला, प्रिंटर चालत नाही, तेव्हा याच्यासारखं सोयीचं काही नाही. विंडोजमध्येच 'क्विक असिस्ट' आहे, तेवढं पुरतं. पण "वीजबिल थकलंय, रात्री लाइट कापणार" किंवा "केवायसी संपलीय" म्हणून आलेल्या फोनवर कोणी असलं काही टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. एनीडेस्क या असल्याच सॉफ्टवेअरच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. आपण ओळखीच्या माणसाला फोन करून मदत मागितली असेल तरच जोडणीचा कोड द्यायचा. समोरून फोन आलेल्याला कधीच नाही. दिलाच गेला असेल तर आधी वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात ते याच वेळात.